पाहुण्यांसमोर कुणी उठायचं नाही

डॉक्टरसाहेब, हे सगळं तुमचं पाप आहे. मेलात म्हणून सुटलात असं समजू नका.

आप्पांच्या वडिलांनी तुमच्यापुढे विजार गुडघ्याच्याही वर ओढली, तेव्हा तुम्हाला दिसलं होतं. मांडी पैलवानाची आणि खाली पोटरी बगळ्याची. तुम्ही टाचेवर हातोडी मारलीत. पाऊल हललं नाही. पुन्हा मारलीत. मग ‘मला कळत नाही’ एवढं तोंडातून काढायची लाज वाटली म्हणून ठोकून दिलंत, “बसून काम करणाऱ्यांचे पाय वाळायचेच. खुर्च्या करता ना तुम्ही?” आणि त्यांच्याच हातच्या खुर्चीत रेलून चहा प्यालात. तुमच्या त्या एका वाक्यावर या घरानं पिढ्या काढल्या.

आप्पांच्या पोरांना उभं राहून अभ्यास करायला लावलं, का, तर बसून पाय वाळतात. पोरं एका जागी उभी राहीनात. या पायावरून त्या पायावर झुलायची. मग चुळबुळ करतात म्हणून मार खायची. आप्पांची लेक, म्हणजे आत्या, असा मार खात वाढली, तिचा धाकटा भाऊ असाच वाढला, आणि पोटऱ्या वाळायच्या त्या वाळल्याच, तिच्या पुऱ्या, त्याच्या अर्ध्यामुर्ध्या.

आणि मग ती रीत पडली. पाहुणा यायच्या आत सगळ्यांनी बसून घ्यायचं आणि तो जाईपर्यंत उठायचं नाही. कारण उठलं की चालावं लागतं, आणि चाललं की कळतं. या घरातलं पाऊल घोट्यापासून खाली लोंबतं. ते अडकू नये म्हणून गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल थाडकन आपटायचं. कोरड्या फरशीवर चिखल तुडवल्यासारखं. त्यापेक्षा बसलेलं बरं. बाहेर बोभाटा झाला की खुर्चीवाले भलतेच माजोरडे, साक्षात मंत्री दारात आला तरी बूड हलवत नाहीत. हे कानावर आलं की आप्पांची छाती फुगायची. लंगडा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरडा म्हणवून घेणं त्यांना केव्हाही परवडत होतं.

त्या रविवारी दुपारची जेवणं झाली आणि घर पुढच्या खोलीत येऊन बसलं. दुकान रस्त्याच्या बाजूला, कारखाना मागे, मध्ये राहतं घर. सगळं तळमजल्यावर. वरचा मजला कायम भाडेकरूंना, कारण वर जायचं तर जिना लागतो. खोलीत प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. आप्पांनी स्वतः करून दिलेली. बैठक बाजारातल्या खुर्चीपेक्षा उंच, हात लांब आणि मजबूत, म्हणजे तळवे रेटून उठता यावं. बैठकीखाली पट्टे असे ताणलेले की माणूस आत रुतत नाही. हीच खुर्ची दुकानात सगळ्यात जास्त खपायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, काय डोकं लावलंय हो! आप्पा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “अनुभव.”

धडपड आपल्या खुर्चीच्या हातावर टेकली होती. सपाट फरशीवर ठेच खायची म्हणून लहानपणी नाव पडलं आणि चिकटलं. आप्पांची नात म्हणून लाडकी, पण अवलाद हट्टी. खुर्च्यांच्या धंद्यात शिरायला तिनं साफ नकार दिला आणि बायकांचे केस कापायचं काम धरलं. म्हणजे दिवसभर उभी. खुर्ची गिऱ्हाइकाला. तरीसुद्धा तिच्या पोटऱ्या वाळायला लागल्या, तेव्हा डॉक्टरसाहेब, तुमच्या वाक्याची पहिल्यांदा वाट लागली.

“आप्पा, तो निघालाय,” तिनं फोन बघून सांगितलं.

“कोण?”

“कोण ते माहितीय तुम्हाला. रक्त घ्यायला येणारा.”

“रविवारी मी कुणाला भेटत नसतो.”

“गुरुवारी तुम्ही हो म्हणालात.”

“गुरुवारी मला झोप आली होती.”

“झोपेत तुम्ही नाही म्हणता, आप्पा. हो म्हणायला तुम्हाला शुद्धीत असावं लागतं.”

आत्या फिस्सकन हसली आणि बापाकडे बघून लगेच गप्प झाली. आत्या दुकानाचा कारभार बघायची, आणि घरात कुठलाही वाद निघाला की आप्पांच्या बाजूला. ते तिनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. उगाच प्रत्येक वेळी विचार करायला नको.

“पण माझंच रक्त कशाला?” आप्पा म्हणाले. “तुझं घेतलंय ना? बास की.”

धडपडनं सुस्कारा सोडला. हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता खुर्च्यांनाही पाठ झालं असेल. “माझ्या रक्तात एक बिघाड सापडलाय. पण तो बिघाड नुसता तिथे पडून आहे, की पाय त्यानंच वाळवलेत, हे डॉक्टरीणबाईंना एकट्या माझ्यावरून सांगता येत नाही. ज्याचे पाय नक्की वाळलेत अशा थोरल्या माणसात तोच बिघाड निघाला, तर कळेल.”

“आणि कळलं तर औषध आहे?”

“नाही.”

“बघ!” आप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “औषध नाही आणि चालली रक्त काढायला.”

“आप्पा, गुडघ्याखाली सारखेच दिसणारे दोन आजार आहेत. एक नुसते पाय खातो. हळूहळू, आयुष्यभर, आणि माणूस तुमच्यासारखा म्हातारा होऊन भांडत बसतो. दुसरा कधीतरी हृदयाला हात घालतो. माझा कुठला, ते मला कळायला हवं. दुसरा असेल तर हृदय तपासत राहायचं, वेळेत सांभाळायचं. पहिला असेल तर मी सुखानं ठेचा खात बसेन.”

धडपडची आई चहाचे कप गोळा करत होती. तिचा हात थांबला. लेक हे वाक्य हसत म्हणायची, पण रात्री कूस बदलत राहायची हे आईला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

“माझ्या वडिलांचं हृदय ठणठणीत होतं,” आप्पा म्हणाले. आवाज मात्र जरा उतरला. “आणि हे पाय खुर्च्यांमुळे आहेत.”

“मी खुर्चीत बसत नाही, आप्पा.”

“तुझे आजीच्या माहेरचे आहेत.”

सगळ्यांनी आजीकडे बघितलं. आजीचे पाय खांबासारखे. लग्न होऊन आली तेव्हापासून पाहुण्यांना दार उघडणारी, पाणी देणारी, सोडायला फाटकापर्यंत जाणारी ती एकटी. मागाहून सून आली, तेव्हा या घरात चालणाऱ्या दोघी झाल्या. बाकीचं घर आपलं बसून.

“म्हणजे कसं बघ,” आजी सुनेला म्हणाली, तिसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत असल्यासारखी. “सासऱ्यांचे पाय वाळले ते खुर्च्यांनी. ह्यांचे वाळले तेही खुर्च्यांनी. आणि पोरांचे वाळले, ते मात्र माझ्या माहेरानं! माझा बाप म्हातारपणी नारळाच्या झाडावर चढायचा. ह्यांना स्टुलावर चढवायला दोन कारागीर लागतात.”

“आई, अहो, वर एक धरायला लागतो,” सून हळूच म्हणाली.

“तू कुणाच्या बाजूची?” आत्यानं भावजयीला विचारलं.

“मी कप उचलतेय, ताई.”

धडपडचा बाप इतका वेळ वर्तमानपत्रात तोंड खुपसून होता. बोलणाऱ्यांत जो शेवटचा, त्याचं त्याला पटायचं, म्हणून शहाणपणानं तो बोलणं संपेपर्यंत वाट बघायचा. पण आज बायकोनं कप उचलता उचलता त्याच्या पायाला चिमटा काढला, आणि वर्तमानपत्र खाली आलं.

“आप्पा, मी दिलंय,” तो म्हणाला.

“काय दिलंय?”

“रक्त. मागच्या आठवड्यात. तुम्हाला म्हटलं फोम बघायला जातो, तेव्हा.”

“मग फोम?”

“फोम नाही बघितला.”

आप्पांना पोराच्या रक्तापेक्षा फोमचा जास्त धक्का बसला. “अरे, तो ऑर्डरीचा सोफा अडलाय तिकडे!”

“आणि तुझ्यात निघालं?” आत्यानं भावाला विचारलं. आवाज तिचाच, पण ओळखू न येण्यासारखा बारीक.

“तोच बिघाड निघाला, ताई. पण माझे पाय धड वाळलेले नाहीत आणि धड शाबूत पण नाहीत. त्या बाई म्हणाल्या, तुमच्यावरून खात्री होत नाही. थोरल्यांना आणा.” त्यानं बायकोकडे बघितलं, बरोबर बोललो ना, अशा नजरेनं. बायको कप घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच नवऱ्यावर खूश होता.

आजीनं मात्र यातला एकच धागा पकडला. “थांब गं,” ती धडपडला म्हणाली. “म्हणजे हे रक्तातून कळतं? कुणाकडून कुणाकडे गेलं ते?”

“कळतं ना, आजी. मला बाबांकडून. बाबांना तुमच्या दोघांपैकी एकाकडून.”

“आणि ह्यांच्यात सापडलं तर?”

“तर आप्पांकडून.”

“म्हणजे माझ्या माहेराकडून नाही.”

“अजिबात नाही.”

जन्मभर ऐकलेलं आजीच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. सणाला आलेल्या नणंदेचं ‘आमच्याकडे असे पाय नव्हते हो’. पोरगी पडली की सासऱ्यांचं ‘आईवर गेली’. तिनं कधी भांडण केलं नव्हतं. भांडायला पुरावा लागतो, आणि खांबासारखे पाय या घरात पुरावा धरत नसत. मग ती चालत खोलीच्या मधोमध गेली, तिथे पाहुण्यांसाठी ठेवलेली एक खुर्ची होती, सगळ्यात मऊ, चांगल्या रेक्झिनची, घरातल्या कुणी न वापरायची. आजी त्या खुर्चीत बसली. नीट. मागे रेलून. पाय पसरून.

“हे काय?” आप्पा म्हणाले.

“बसले.”

“ती पाहुण्यांची आहे.”

“मी आज पाहुणी.” आणि सुनेला म्हणाली, “ठेव ते कप. तू पण बस.”

सुनेनं हातातले कप तिथेच फरशीवर ठेवले आणि नवऱ्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली. ती या घरात आल्यापासून दुपारी बसली नव्हती. बसल्यावर तिला कळेना हातांचं काय करायचं असतं.

तेवढ्यात घंटा वाजली.

खोलीत सगळ्यांनी सवयीनं पाठ ताठ केली, चेहरे माजोरडे केले, आणि आजीकडे बघितलं. आजी छताकडे बघत होती.

घंटा पुन्हा वाजली.

“अगं, दार,” आप्पा म्हणाले.

“हो ना, दार,” आजी म्हणाली.

धडपड उठायला लागली. आजीनं नुसतं बोट दाखवलं. “तू बस. तू उघडलंस तर हे म्हणतील, तिचं काम होतं, तिनं केलं. आणि झोपायला जातील.”

“आजी, तो जाईल! त्याला अजून घरं आहेत!”

“जाऊ दे.”

“आजी!”

“बस म्हणते ना.”

धडपड बसली, पण तिची नखं खुर्चीच्या पॉलिशमध्ये रुतली. हा माणूस गेला तर आप्पांचा ‘हो’ पुन्हा कुठल्या गुरुवारी येईल याचा भरवसा नव्हता. तिला एकदम वाटलं, धावत जाऊन दार उघडावं. मग तिलाच हसू आलं. धावत! या घरात!

बाहेरून आवाज आला. “कुणी आहे का? रक्त घ्यायला आलोय!”

“शेजारपाजार ऐकतोय,” आत्या दातओठ खात म्हणाली. “जरा हळू बोलता येत नाही मेल्याला?”

“उघड मग,” आजी म्हणाली.

“मी?”

“तुझे पाय माझ्या माहेरचे आहेत ना? माझ्या माहेरचे लोक उठून दार उघडतात.”

आत्याचा चेहरा पडला. तिची एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नसे. तिनं लग्न केलं नाही, कारण लग्न म्हणजे दुसऱ्याच्या घरात चालत शिरणं. तिला कुणी नकार दिलेला नव्हता. तिनं विचारूच दिलं नाही कुणाला. दुकानात ती काउंटरमागे बसून राज्य करायची आणि गिऱ्हाइकं म्हणायची, बाई कडक आहेत हं. मागच्या महिन्यात ती दुकानात एकटी असताना पडली होती. सोफ्याचा आधार घेऊन उठायला तिला किती वेळ लागला ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता भाचीकडे बघताना तिच्या मनात आलं, ही पण सांगत नसेल. हीही कितीतरी वेळा पडत असेल, कुणाला न कळता. आणि वर ते हृदयाचं.

आत्यानं तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि रेटायला सुरुवात केली.

“तू कुठे चाललीस?” आप्पा दचकले.

“दार उघडायला.”

“परक्या माणसासमोर?”

“मग काय करू? तुम्ही उठणार आहात?”

हा फितुरीचा प्रकार आप्पांना नवीन होता. बायको फितूर झाली, ते एक वेळ चालण्यासारखं. बायका फितूर होतात. पोरगा फितूर झाला, तर तो फोमसकट फितूर झाला. पण आत्या? आत्या म्हणजे त्यांची शेवटची भिंत. ती अर्धी उठलेली, दंड थरथरताहेत, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो लहानपणी उभं राहून पाढे म्हणताना असायचा. रडायचं नाही असं ठरवलेला. बाहेर एक कोण कुठला माणूस, आणि तो आपल्या पोरीला चिखल तुडवताना बघणार.

“खाली बस,” आप्पा म्हणाले. “मी जातो.”

आणि आप्पा उठले.

आता आप्पांचं चालणं घरातल्यांनी रोज बघितलेलं. पण पाहुणा आलेला असताना कुणीच बघितलं नव्हतं. उजवा गुडघा वर, पाऊल खाली लोंबतंय, थाड. डावा गुडघा वर, थाड. मिरवणुकीतल्या घोड्याच्या थाटात आप्पा निघाले. वाटेत त्यांनी कपाटाला हात लावला, भिंतीला लावला, सुनेनं मध्येच ठेवलेल्या कपांना शिव्या घातल्या, आणि दाराशी पोचून कडी काढली. दार उघडलं. बाहेर एक घामाघूम झालेला तरुण, खांद्याला पिशवी.

“झोपला होतात का?” त्यानं विचारलं.

“बसलो होतो,” आप्पा म्हणाले. “या.”

तो आप्पांच्या मागून आत आला. म्हणजे त्यानं सगळी चाल पाठीमागून बघितली, पार दारापासून खुर्चीपर्यंत. घर श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतं. त्यानं आप्पा बसेपर्यंत वाट पाहिली, मग गुडघ्यावर टेकून पिशवी उघडली आणि आप्पांची बाही वर केली. मग त्याची नजर खुर्चीवर गेली.

“ही बैठक उंच आहे ना हो?” त्यानं खुर्चीचा हात चाचपला. “माझ्या आईला उठायला फार त्रास होतो. अशी विकत मिळते?”

आप्पांनी त्याच्याकडे संशयानं बघितलं. हा आपल्याला हसतोय की काय! पण पोराचं लक्ष खरंच खुर्चीच्या जोडाकडे होतं.

“आईची उंची किती?” आप्पांनी विचारलं.

“एवढी.” त्यानं आपल्या खांद्याला हात लावला.

“मग ही नको. ही तिला उंच होईल, पाय लोंबतील. जरा खालची लागेल. ताई, याला उद्या दुकानात—आई गं!”

सुई शिरली होती. गप्पांत ठेवून सुई घालायची त्याची रीत असावी. आजी खुदकन हसली. लाल रक्त नळीत चढत गेलं आणि सगळं घर, फितूर आणि निष्ठावंत, माना पुढे करून बघायला लागलं.

“एवढंसं?” आप्पा म्हणाले.

“एवढंच पुरतं.”

“माझंही घ्या,” आत्या म्हणाली. तिची बाही आधीच वर गेली होती. “पुरावा जितका जास्त तितका बरा. काय गं, धडपडे?”

धडपडनं मान हलवली.

तो तरुण गेला. सोडायला आप्पाच गेले, थाड थाड करत, आणि दारातून ओरडून सांगितलं की आईला घेऊनच ये, माप बसवूनच घ्यायचं असतं. परत फिरले तर धडपड त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आलेली. बाकीचं घर आत हसत होतं. आजी पाहुण्यांच्या खुर्चीतून सुनेला चहा कसा करायचा ते सांगत होती, स्वतः न उठता, आणि सून म्हणत होती, आज चहा धडपडचे बाबा करतील, आणि बाबांना ते पटत होतं.

आप्पांनी कोपरात कापूस दाबून धरला होता. दोघं समोरासमोर उभी, आणि दोघांनाही एका जागी उभं राहता येईना. आजोबा या पायावरून त्या पायावर, नात त्या पायावरून या पायावर.

“आप्पा, थँक्यू.”

“ते राहू दे. मला एक सांग.” त्यांनी आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “मी काही येडा नाही. खुर्च्यांचं खरं नसणार, हे तू पहिल्यांदा पडलीस तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं. चालायला लागून तुला महिनाही झाला नव्हता, खुर्चीत बसणार कधी! पण जोवर नक्की नव्हतं तोवर खुर्च्यांवर ढकलता येत होतं. तुझ्या आजीवर ढकलता येत होतं. आता त्या बाई सांगणार, हे याच म्हाताऱ्याचं आहे. पोराला यानं दिलं, पोरीला यानं दिलं, तुला यानं दिलं.”

“आप्पा, असं थोडंच कुणी—”

“थांब. मला लाडीगोडी नकोय. पायांचं एक वेळ ठीक आहे, पायांच्या खुर्च्या करता येतात. पण ते दुसरं निघालं, हृदयाचं, तर त्याला मी काय करणार आहे?” ते पुन्हा झुलले आणि चौकटीला धरलं. “तेव्हा मला खरं सांग. हे सगळं माझ्याकडून आलं असं कळल्यावर, त्या दिवशी संध्याकाळी, तू या दारातून आत येशील आणि मी त्या खुर्चीत बसलेला असेन. तू माझ्याकडे कशी बघशील?”

“आप्पा, चला, चहा—”

“चहा गेला खड्ड्यात. मी उभा आहे. उत्तर दे.”